झोंबीपट ‘फक्त घाबरवण्यासाठी’ कधीच नव्हते

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: झोंबीपट मुळात निव्वळ घाबरवण्यासाठी होते. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोनं स्वतःच सांगितलंय की १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये कृष्णवर्णीय नायक त्यानं काही संदेश द्यायला घेतला नव्हता. त्याच्याच ‘डॉन ऑफ द डेड’मधला मॉल म्हणजे चंगळवाद वगैरे अर्थ समीक्षकांनी मागाहून चिकटवले. हल्लीच्या दिग्दर्शकांनी ते खरं मानलं आणि सामाजिक भाष्य कोंबून भीतीच घालवली. आपल्याकडे तर ही नक्कलच.

मजकूर नेटका आहे आणि त्यात एक गोष्ट खरीही आहे, म्हणून तो पटतो. पण तिच्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत. ज्या सिनेमावर माझं मनापासून प्रेम आहे, त्याला ते लहान करतात, म्हणून हे लिहितोय.

‘मुळात’ म्हणायचं तर मुळाशीच जाऊ. पडद्यावरचा झोंबी हैतीतून आला. फ्रेंचांच्या या वसाहतीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यांत मरेस्तोवर राबत. मेल्यावर तरी सुटका होईल एवढीच आशा उरलेल्या माणसाला सगळ्यात मोठी धास्ती कसली असेल? मेल्यावरही कुणीतरी उठवून पुन्हा मळ्यात जुंपेल, याची. हैतीत लोकांना झोंबी चावेल ही भीती नव्हती, आपण झोंबी होऊ ही होती. १८०४मध्ये गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, पण १९१५ ते १९३४ या काळात देश अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला आणि रस्ते बांधायला गावकऱ्यांना पुन्हा वेठीला धरलं गेलं. याच काळात, १९२९मध्ये, विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाचं हैतीवरचं पुस्तक आलं. त्यातल्या एका हकिगतीत एक मुकादम मेलेल्या माणसांची टोळी अमेरिकी साखर कंपनीच्या शेतावर कामाला लावतो आणि त्यांची मजुरी स्वतः खिशात घालतो.

तीन वर्षांनी ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. त्यातल्या खलनायकाच्या, म्हणजे बेला लुगोसीच्या, साखर कारखान्यातला प्रसंग आवर्जून बघा. झोंबी डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेनं चालतायत, खाली काही जण घाण्याचा दांडा गोल ओढतायत. एकाचा तोल जातो, तो सरळ यंत्रात पडतो. कुणी वळूनही बघत नाही. संगीत नाही, नुसती लाकडाची करकर. मालक पाहुण्याला सांगतो की हे इमानदारीनं काम करतात, जास्त तासांची कुरकूर करत नाहीत. मंदीच्या ऐन तडाख्यात, १९३२मध्ये, हे वाक्य अमेरिकी प्रेक्षकांनी ऐकलं. चित्रपट पुरोगामी मुळीच नाही. हैतीच्या माणसांकडे तो परक्या, तुच्छ नजरेनंच बघतो आणि त्याची सगळी काळजी एका गोऱ्या तरुणीसाठी राखलेली आहे. पण तीही समाजाबद्दलचीच भूमिका झाली. भाष्य म्हणजे आपल्याला आवडेल तेच भाष्य, असं थोडंच असतं?

आता रोमेरोचं म्हणणं. हीच ती खरी गोष्ट. नायक बेनच्या भूमिकेत ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला त्यानं घेतलं कारण ऑडिशनला आलेल्यांत तो सर्वांत सरस होता, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण निवडीमागे हेतू नव्हता म्हणून चित्रपटात अर्थ नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? पडद्यावर काय उतरलं ते बघायला नको का?

आणि हा मजकूर जोन्सला पूर्णच विसरतो. बेनची भूमिका लिहिली होती एका रांगड्या ट्रक ड्रायव्हरची. जोन्स उच्चशिक्षित, रंगभूमीवरचा माणूस. त्यानं संवाद बदलून घेतले आणि बेन शांत, विचारी, नेमकं बोलणारा झाला. शेवटी बेनला वाचवावं का याची चर्चा झाली, तेव्हाही त्याचं मत ठाम होतं: एवढं सगळं घडून गेल्यावर तकलादू सुटका दाखवण्यापेक्षा बेन मेलेला आपल्या कृष्णवर्णीय समाजाला जास्त पटेल. दिग्दर्शकाच्या मनात वंशाचा विचार नसेलही, पण नटाच्या मनात तो पक्का होता. सिनेमा काय एकट्या दिग्दर्शकाचा असतो?

तो शेवट जवळून बघा. रात्रभर झोंबींपासून घर लढवून बेन एकटा उरलाय, तळघरात. सकाळी बाहेर कुत्र्यांचं भुंकणं, गोळ्यांचे आवाज. शेरीफ आणि त्याची बंदुकधारी माणसं शेतांतून येतायत, बहुतेक सगळी गोरी. बेन सावधपणे वर येतो, खिडकीतून डोकावतो. शेरीफ बाजूच्या माणसाला सांगतो, डोळ्यांच्या मधोमध मार. गोळी सुटते. कुणी हाक मारत नाही, कुणी खात्री करत नाही. मग हलतं चित्र थांबतं आणि वर्तमानपत्रात छापल्यासारखी खरबरीत स्थिरचित्रं सुरू होतात: मांसाचे आकडे हातात घेतलेली माणसं, जमिनीवरचा बेन, प्रेतांचा ढीग. श्रेयनामावली याच चित्रांवर झळकते. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय झुंडबळींचे असे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकली जात. ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती बातमी रोमेरोनं रेडिओवर ऐकली तेव्हा तयार प्रिंट गाडीत घालून तो न्यूयॉर्कला निघाला होता. चित्रपट लागला ऑक्टोबरात. त्या प्रेक्षकांना ही चित्रं काय सांगत होती, हे कळायला समीक्षकाची गरज नव्हती.

मॉलचं तर सरळ आहे. ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल मॉलमध्ये, रात्री दुकानं बंद झाल्यावर चित्रित झाला. ही प्रेतं इथंच का येतात, असं एक पात्र विचारतं. उत्तर मिळतं की ही जुनी सवय आहे, त्यांच्या आयुष्यात ही जागा महत्त्वाची होती. हा संवाद पटकथेतला आहे, कुणाच्या समीक्षेतला नाही. त्याआधी सुरुवातीलाच पोलीस कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन गरिबांच्या इमारतीवर धाड घालतात आणि त्यांच्यातला एक जण शिव्या घालत जिवंत माणसांवरच गोळ्या झाडत सुटतो. हे ज्याला मागाहून चिकटवलेलं वाटतं, त्यानं पहिली वीस मिनिटं पुन्हा पाहावीत.

भाष्यामुळे भीती जाते, हा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो, कारण झोंबीच्या गोष्टीची रचनाच त्यात लक्षात घेतलेली नाही. ड्रॅक्युला बोलतो, भुलवतो, डाव टाकतो. झोंबीला ना मन, ना हेतू, ना सूड. त्याच्यावर दीड तासाचं नाट्य उभं राहूच शकत नाही. ते उभं राहतं दाराच्या आतल्या जिवंत माणसांवर: दार कुणासाठी उघडायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, कुणाचा हुकूम चालणार. हे प्रश्न आले की समाज आलाच.

दक्षिण कोरियाचा ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) घ्या. काही जण झोंबींनी भरलेले डबे पार करून जीव मुठीत धरून पुढच्या डब्यापर्यंत पोहोचतात आणि आतली धडधाकट माणसं दार बांधून घेतात. त्यांना चिथावणारा असतो एका बस कंपनीचा बडा अधिकारी. शेवटी आत घेतात, तेही वाळीत टाकून. मग एक म्हातारी, जिची बहीण काचेपलीकडे झोंबी होऊन उभी आहे, या सगळ्यांकडे एकदा बघते आणि दार उघडून टाकते. अंगावर काटा येतो तो दातांमुळे नाही, तिनं तसं का केलं हे आपल्याला समजतं म्हणून. दोनच वर्षांपूर्वी कोरियात सेवॉल हे प्रवासी जहाज बुडालं होतं. जहाजावरचे लोक प्रवाशांना जागेवरच थांबा असं ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले आणि ३०४ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. चित्रपटात सरकार टीव्हीवरून शांत राहा, विश्वास ठेवा म्हणत असतं, तेव्हा कोरियन प्रेक्षकाला काय आठवत असेल? एक कोटीहून जास्त लोकांनी तो थिएटरात पाहिला. भाष्यानं भीती जाते म्हणणाऱ्यांनी या आकड्याचं काय करायचं ते सांगावं.

वाईट उदाहरणं आहेतच. खुद्द रोमेरोचा ‘डायरी ऑफ द डेड’ (२००७) मला रुचत नाही. जे आपण पाहिलं तेच निवेदिका पुन्हा समजावून सांगते आणि प्रसंगाची धार जाते. पण हा दोष सांगण्याच्या पद्धतीतला आहे. तो विषयाच्या माथी मारू नये.

राहिला नकलेचा आरोप. आदित्य सरपोतदारचा ‘झोंबिवली’ (२०२२) विनोदी अंगानं जातो, पण त्यातली उंच सोसायटी, तिला खेटून असलेली वस्ती आणि मध्ये पाण्याचा प्रश्न हे काही पिट्सबर्गहून आलेलं नाही. डोंबिवली, कल्याण, दिवा या पट्ट्यात टँकरची वाट बघणाऱ्या आणि पाण्यासाठी हंडा मोर्चे काढणाऱ्या माणसांना ती दरी सिनेमानं शिकवायची गरज नाही.