बारा महिन्यांत टेक्सासचा

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतले रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्याच्या दाजींचे एक वाक्य फिरून फिरून येते: ‘एमबीबीएसचा ८५ टक्क्यांचा राज्य कोटाही असाच जायला हवा. तुमच्या अमेरिकेत कुठे असतात असले कोटे?’ हा निकाल चंदीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जागांवरून उद्भवलेल्या खटल्यातला आहे आणि एमबीबीएसला स्थानिकांना काही प्रमाणात प्राधान्य देता येते, हे त्यात मान्यच केलेले आहे, असे मी एकदा लिहून पाहिले. त्याला दाजींचा अंगठा मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा आले.

तर ‘माझी अमेरिका’ म्हणजे टेक्सास. ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ९० टक्के जागा कायद्यानेच टेक्सासच्या रहिवाशांच्या आहेत. उरलेल्या दहांत बाकीची एकोणपन्नास राज्ये आणि सगळे जग. रहिवाशांच्या जागांपैकी ७५ टक्के पुन्हा शाळेतल्या क्रमांकावर आपोआप भरतात. १९९७ च्या कायद्याने पहिल्या दहा टक्क्यांतल्या मुलांना हा हक्क दिला. अर्जांचा पूर आला तसा ऑस्टिनपुरता तो आकडा सहावर आला आणि २०२६ च्या प्रवेशांपासून पाचवर. हे टक्के राज्यातले नव्हेत, ज्याच्या त्याच्या शाळेतले. म्हणजे रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातल्या गरीब शाळेत पहिली आलेली मुलगी आणि डॅलसजवळच्या आमच्या सुखवस्तू प्लेनोत पहिला आलेला मुलगा यांना दार सारखेच उघडते. प्लेनोत यावर आपलेच लोक सर्वांत जास्त कुरकुरतात, आणि एक-दोघांनी तर त्यापायी घर विकून दुसऱ्या शाळांच्या डिस्ट्रिक्टात घेतले आहे. गडचिरोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयातला पहिला आणि लातूरच्या क्लासमधून तयार झालेला, दोघांना नीटच्या एकाच तराजूत घालून त्यालाच तेवढी गुणवत्ता म्हणणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा.

फीचे तर विचारूच नका. परराज्यातल्या मुलाला ऑस्टिनमध्ये रहिवाशाच्या तिप्पट-चौपट भरावे लागतात. नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात इंदूरच्या मुलाकडून चौपट फी घेतली असती, तर दाजींनी त्याच संध्याकाळी राष्ट्रीय एकात्मतेवर चार परिच्छेद लिहिले असते. इथे त्याला प्रांतवाद म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. १८७६ च्या राज्यघटनेने आणि त्यानंतर १८८३ मध्ये विद्यापीठासाठी पश्चिम टेक्सासातली ओसाड जमीन राखून ठेवली गेली. आज ती सुमारे २१ लाख एकर आहे, आणि १९२३ मध्ये तिच्याखाली तेल लागले. जमीन राज्याची, तेल राज्याचे, मग जागाही राज्याच्या मुलांच्या, इतका तो सरळ हिशेब आहे. वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या टेक्सासच्या कुटुंबांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची ट्यूशन २०२५ पासून माफ करण्याचा निर्णयही याच विद्यापीठ-समूहाच्या नियामक मंडळाने घेतला. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, तेव्हा ‘फुकटेपणा’ हा शब्द कोणी लिहिला होता, ते गटावर अजून दिसते. दाजींचा मुलगा एमबीबीएसला त्याच ८५ टक्क्यांतून लागला, हे मात्र मी अजून लिहिलेले नाही. बहिणीला वाईट वाटेल.

आणखीही एक गोष्ट मी लिहिली नाही, कारण ती माझ्या सोयीची नाही. टेक्सासच्या शाळांतून शिकलेल्या, पण देशात राहण्याची वैध कागदपत्रे नसलेल्या मुलांना येथे २००१ च्या कायद्याने रहिवाशाची फी लागत असे. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने त्याविरुद्ध दावा लावला, राज्याने बचाव न करता संमती दिली आणि त्याच दिवशी तो कायदा थांबला. पहिलीपासून इथेच वाढलेली मुले एका दिवसात परकी ठरली. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलो होतो. नोकरी आणि भाडेकरार दाखवून बारा महिन्यांत टेक्सासचा रहिवासी झालो, आणि माझ्याबरोबर एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावरची मुलगीही झाली. ती आज ऑस्टिनमध्ये शिकते, शाळेतल्या क्रमांकावर, रहिवाशाच्या फीत.

माझी तत्त्वेही फारशी जुनी नाहीत. मी परभणीचा. बारावीनंतर अभियांत्रिकीला पुण्यातले महाविद्यालय हवे होते, आणि माझ्याहून कमी गुणांची मुले ‘होम युनिव्हर्सिटी’ म्हणून, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतली म्हणून, तिथे बसलेली पाहून मी वडिलांपुढे रडलो होतो. तेव्हा मला फक्त गुणवत्ता हवी होती. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशांतले ७०:३० चे, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्याच मुलांना देणारे, प्रादेशिक सूत्र रद्द झाले. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून त्या सूत्राने आमच्या मुलांच्या वाट्याला जागाही कमी येत. त्या दिवशी ‘अखेर न्याय झाला’ असे गटावर मीच लिहिले होते, आणि दाजींनी हृदय टाकले होते. म्हणजे भिंत पुण्याभोवती होती तेव्हा ती मला पाडायची होती. आता ती महाराष्ट्राभोवती आहे तर टिकावी असे वाटते, आणि टेक्सासभोवतीच्या भिंतीच्या आत तर मी मुलीसह सुखाने राहतो. तिला महाराष्ट्रात एमबीबीएसला जायचे असते, तर ८५ टक्क्यांच्या दारात तिला कोणी उभे केले नसते, कारण त्यासाठी दहावी-बारावी तिथून झालेली लागते आणि अधिवासाचा दाखलाही. तिच्यासाठी एनआरआय कोटा होता, डॉलरवाल्यांचा.

परवा मी ९० टक्क्यांचा आकडा, तिप्पट-चौपट फी, पश्चिम टेक्सासचे तेल, सगळे एकदाचे गटावर लिहून टाकले. दाजींनी विचारले, ‘पोरीला फी कोणती लागते?’ मी लिहिले, ‘रहिवाशाची.’ त्यावर त्यांचे उत्तर आले, ‘म्हणजे तू तिथला झालास. मग इथल्या जागा कोणाला द्यायच्या, हे तू कुठला म्हणून सांगतोस?’

त्याला दोन दिवस झाले. गटावर आता आंब्यांच्या पेट्यांचे फोटो येत आहेत, आणि मी अजून काही लिहिलेले नाही.