वसुलीवाला दारात आला की आपण शेजारी काय करतो?

हप्ता थकलेल्या माणसाला व्याजापेक्षा "चार लोकांत कळेल" ही धास्ती जास्त पोखरते. वसुलीवाल्यांची सगळी दादागिरी त्या धास्तीवर चालते. आणि ते चार लोक म्हणजे तुम्ही-मीच, म्हणून ही पोस्ट आपल्या सगळ्यांसाठी लिहितेय.

कर्ज घेतलं तर ते फेडायलाच हवं, यात वाद नाही. पण इथे नवी मुंबईत कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात किती घरं एका पगारावर उभी आहेत, हे आपल्याला माहीत आहे. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका दादांचं रबाळे एमआयडीसीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पर्सनल लोनचा हप्ता बाउन्स झाला. तो भरायला मोबाइलवरच्या ॲपवरून पैसे उचलले, मग त्या ॲपचे भरायला दुसरं ॲप. महिना उलटायच्या आत त्यांच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना मेसेज गेले. मलाही फोन आला, "तुम्ही रेफरन्स आहात, त्यांना समजवा, नाहीतर केसमध्ये तुमचं पण नाव जाईल."

असा फोन आला तर घाबरू नका. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून तुमची सही नसेल, तर एक रुपयाही तुमच्या अंगावर येत नाही. (सही असेल तर मात्र बँक तुमच्याकडेही मागू शकते. "नुसती सही कर रे" म्हणणाऱ्याला हे आधी सांगा.) रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात बजावलंय की कर्जदाराला चारचौघांत अपमानित करायचं नाही, धमकवायचं नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांना तर सकाळी 9 ते संध्याकाळी 6 एवढीच वेळ. कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी बघायलाही त्याच वर्षीपासून मनाई आहे. म्हणजे त्या दादांच्या सासूबाईंपर्यंत जो मेसेज गेला, तो मुळातच नियम मोडून गेला.

आता आपल्या गेटवर काय होतं ते सांगते. मोटारसायकलवर दोघे येतात, ओळखपत्र उलटं लटकलेलं. वॉचमनकडून रजिस्टर घेतात आणि "कामाचे कारण" या रकान्यात ठळक अक्षरांत लिहितात, "हप्ता थकला". पुढे रूम नंबर. भर दुपारी घरात कोणी नसतं, हे त्यांना ठाऊक असतं. पण संध्याकाळी दूध आणायला उतरणारा प्रत्येक जण ते वाचतो, आणि रात्री ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "कुणाकडे आले होते हो?" त्यांना हवं होतं ते काम आपण फुकटात करून देतो.

आमच्या कमिटीत मी हा विषय लावून धरला. आता एजंट आला की वॉचमन आधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागतो, त्यांचे फोटो काढतो, आणि ज्यांच्याकडे काम आहे त्यांनाच इंटरकॉमवर कळवतो. रजिस्टरमध्ये फक्त नाव, वेळ आणि गाडीचा नंबर. जी माणसं बँकेच्या पत्रानिशी आली होती त्यांनी मुकाट्याने कागद दाखवले. बाकीचे गेटवरूनच परत गेले. तुमच्याही सोसायटीत हे करा, त्याला ठरावसुद्धा लागत नाही.

ज्यांचा हप्ता थकलाय त्यांना हात जोडून सांगते, एजंटशी हुज्जत घालू नका आणि फोन बंद करून बसूही नका. बँकेला पत्र लिहा. नोकरी कधी गेली, घरात किती येतं, दरमहा किती भरता येईल, हे साध्या मराठीत लिहा, स्टेटमेंट जोडा आणि शाखेत देऊन पोच घ्या. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायला काही कमीपणा नाही. एजंटच्या हातात रोख देऊ नका, थेट कर्जखात्यात भरा. सेटलमेंट करायचं तर आधी बँकेचं पत्र, मग पैसे. आणि सिबिलमध्ये "सेटल्ड" असा शेरा पडतो, पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं, हे जाणून करा. शिवीगाळ झाली तर तारीख-वेळेसह लेखी तक्रार बँकेकडे. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट. त्यांचा नंबर 14448. जिवाची धमकी असेल तर थेट पोलीस ठाणे.

"उद्या पोलीस घेऊन येतो" हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेलं असतं. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. पण चेक बाउन्स झाला असेल तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली खटला होऊ शकतो, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तरी तसाच कायदा आहे. म्हणून कोर्टाचा कागद आला तर तो कपाटात ठेवायचा नाही. घर तारण असेल तर ते ताब्यात घेण्याआधी बँकेने 60 दिवसांची नोटीस द्यावीच लागते. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या, तिला बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

आणि "भांडीकुंडी उचलून नेऊ" म्हणणाऱ्यांबद्दल. एजंटला तर घरातल्या कशालाच हात लावता येत नाही. कोर्टाचा हुकूम झाला तरीसुद्धा स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं आणि धर्माच्या रिवाजाने बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 60 मध्ये हे लिहिलंय. शेजारच्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मोकळ्या गळ्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागल्या. जप्तीच्या भीतीने मंगळसूत्र त्या माहेरी ठेवून आल्या होत्या.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण अनुसूचित जाती-जमातीचे, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार अशा काहींना ती लागू नाही. खाजगी सावकाराचा जाच असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जा. परवान्याशिवाय सावकारी करणं 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे.

रविवारी सकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. पत्र लिहायला मदत हवी असेल त्यांनी कागद घेऊन या, बाहेरच्या बिल्डिंगमधले असाल तरी या. नोटिशीचा लिफाफा अजून फोडलेला नसेल तर तसाच आणा, बसून वाचू.