फाशीच्या पुढचा राग

१३ फेब्रुवारी २०१० ला संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बाँब फुटला, १७ माणसं गेली. त्या वेळी आपण कुठे होतो, हे चाळिशीतला कुठलाही पुणेकर न अडखळता सांगतो. खटल्याचं काय झालं म्हणून विचारा, तर ‘झाली ना फाशी एकाला?’ झाली नाही. सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये हिमायत बेगला फाशी सुनावली खरी. २०१६ मध्ये हायकोर्टाने त्याला स्फोटाच्या मुख्य आरोपांतून सोडलं, स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. मग बाँब ठेवला कुणी, म्हणून शहरात मोर्चा निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मी मँचेस्टरला राहतो. पहलगामनंतर मामाचा फोन आला. गेलेल्या २६ जणांत पुण्याचेही होते. “भर चौकात लटकवा एकेकाला,” मामा म्हणाला, “तुमच्या गोऱ्यांसारख्या मेणबत्त्या लावत नाही बसणार आम्ही.” आवाज थरथरत होता त्याचा. त्या रागाला नावं ठेवायची माझी छाती नाही.

मेणबत्त्या इथे लागल्याच. २२ मे २०१७ ला मँचेस्टर अरेना या गाण्याबजावण्याच्या मोठ्या सभागृहात बाँब फुटून २२ जण गेले, त्यांत शाळकरी मुलंही होती. सेंट ॲन्स चौकात फुलांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. पुढचं मामाच्या कानावर आलेलं नाही. हल्लेखोर जागीच मेला, त्याच्या भावाला किमान ५५ वर्षांची कैद झाली. पण तेवढ्याने लोक घरी गेले नाहीत. सर जॉन सॉन्डर्स यांच्यापुढे उघड चौकशी झाली आणि गेलेल्यांच्या घरच्यांच्या वकिलांनी पोलिसांना, अग्निशमन दलाला आडवंतिडवं विचारलं. त्यातून काय काय निघालं! स्फोटाच्या जागी पहिली ४० मिनिटं एकच पॅरामेडिक. अग्निशमन दल दोन तासांहून उशिरा. स्फोटाआधी एकाला संशय आला, त्याने सुरक्षारक्षकाला सांगितलंही, पण कुणी हललं नाही. वेळेत उपचार मिळते तर एक जण बहुधा वाचला असता, हेही अहवालात छापलंय.

साहेब काही साव नाही. २००५ मध्ये लंडनच्या स्फोटांनंतर दोनेक आठवड्यांनी पोलिसांनी एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला भुयारी रेल्वेत गोळ्या घातल्या आणि व्यक्तिशः एकाही पोलिसावर खटला चालला नाही. अरेनासारख्या जागांना सुरक्षेची सक्ती करणारा कायदा यायलाही २०२५ उजाडलं, तोही मृतांपैकी एका तरुणाच्या आईने पिच्छा पुरवला म्हणून.

आपल्याकडे सुरक्षा म्हणजे मॉलच्या दारातला तो चाकांवरचा आरसा. गाडीखाली सरकवायचा, बघायचं भलतीकडे. डिकी उघडायला लावतात, आत पिशव्यांचा ढीग असला तरी “चला साहेब”. जंगली महाराज रस्त्यावर २०१२ मध्ये स्फोट झाले, फरासखाना पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये २०१४ मध्ये. आरसा तोच.

“चौकशी? प्रधान समितीचं काय झालं?” मामाने विचारलं. मुद्दा बिनतोड. २६/११ नंतरचा तो अहवाल सरकारने आधी झाकूनच ठेवला होता. पण झाकलेला अहवाल उघडायला लावायलाही रागच लागतो, आणि आपला सगळा फाशी मागण्यात संपतो. जर्मन बेकरीपाशी पहिली ॲम्ब्युलन्स किती वाजता आली आणि जखमींना कुणी उचललं, हे सरकारी शिक्क्यानिशी एका जागी लिहिलेलं मामाने मला दाखवावं. मेणबत्त्यांवरून हवं तेवढं बोलून घ्यावं मग.