गेटचा सेन्सर ‘डायरेक्ट’ करू नका: पेठांतल्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘ऑटोमॅटिक गेट बंद पडलं? मेकॅनिकला हजारो रुपये देऊ नका, घरच्या घरी दुरुस्त करा!’ असा एक मेसेज सध्या पुण्याच्या पेठांतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात सहा उपाय आहेत. सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून तो ‘डायरेक्ट’ करा. मोटर चालवणाऱ्या सर्किट बोर्डावरची पॉवर, म्हणजे मोटरचा जोर, फुल करा. मोटर दमत असेल तर मोठा कपॅसिटर टाका. रॅकला, म्हणजे गेटच्या दातेरी पट्टीला, भरपूर ग्रीस लावा. फ्यूज सारखा उडत असेल तर जाड तार घाला. आणि हाताने गेट उघडायची चावी चेअरमनच्या घरी कुलपात ठेवा. हा मेसेज माझ्या आत्याच्या नारायण पेठेतल्या सोसायटीत पोचला आणि तिथे सेन्सरच्या वायरी खरोखरच जोडल्या गेल्या. आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

‘सेन्सर डायरेक्ट करा’

सगळ्यात घातक उपाय हा, म्हणून यावरच जास्त लिहितो. गेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ज्या छोट्या डब्या असतात, तो फोटोसेल. एक डबी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडते, दुसरी तो पकडते. किरण पोचतोय तोवर पकडणाऱ्या डबीतल्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा) संपर्क जोडलेला राहतो आणि वाट मोकळी आहे असं बोर्डाला कळतं. मधे कोणी आलं की संपर्क तुटतो, आणि बंद होत असलेलं गेट थांबून उलटं फिरतं. त्या दोन टर्मिनलांमध्ये वायरीचा तुकडा टाकला की संपर्क कायमचा जोडलेला. मधे मूल असो, म्हातारं माणूस असो, बोर्डाच्या लेखी वाट मोकळीच. गेट लगेच चालू लागतं, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. बिघाड मात्र होता तिथेच आहे, तो सांगणारी व्यवस्था तेवढी बंद पडली.

पेठांत याचा धोका दुप्पट. उपनगरांतल्या सोसायटीत गेट आणि रस्ता यांच्यामध्ये बहुधा फुटपाथ असतो, निदान चार हात जागा असते. सदाशिव, शुक्रवार, कसबा, नारायण या पेठांत वाडा पाडून उभी राहिलेली इमारत थेट गल्लीच्या कडेला असते. गेट सरकतं त्याच रेषेवर कोणीतरी स्कूटर टेकवून फोनवर बोलत असतं, शाळेची रिक्षा थांबलेली असते, समोरून टेम्पो आला म्हणून पायी चालणारा माणूस अंग चोरून गेटला चिकटतो.

आता आकडे बघा. पार्किंगच्या साध्या सरकत्या गेटचं वजन ३००-४०० किलो सहज असतं आणि ते मिनिटाला १० मीटरच्या आसपास वेगाने चालतं. वेग कमी दिसतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण माणूस चेपला जातो तो मोटरच्या रेट्याने. या आकाराच्या बऱ्याच मोटरी ७००-८०० न्यूटन, म्हणजे ७०-८० किलोंचा रेटा देऊ शकतात, आणि कोणी थांबवलं नाही तर लिमिट स्विच (गेट टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारा स्विच) लागेपर्यंत रेटतच राहतात. स्वयंचलित गेटांच्या सुरक्षिततेसाठी युरोपात ईएन १२४५३ हे मानक आहे. त्यानुसार बंद होणाऱ्या कडेपाशी ५० सेंटीमीटर किंवा त्याहून कमी फट उरली असताना धडकेचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनवर, म्हणजे साधारण १५ किलोंवर उतरला पाहिजे. पाऊण सेकंद! सेन्सर काढून आणि पॉवर फुल करून चालवलेल्या गेटने हे कसं पाळायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या युरोपीय बनावटीच्या मोटरींच्या माहितीपुस्तिकेत याच मानकाचा हवाला असतो. पुस्तिका सोसायटीच्या कपाटात असते, काढून वाचा.

नव्या बोर्डांत आणखी एक सोय असते. दर वेळी गेट हलवण्याआधी बोर्ड किरण सोडणाऱ्या डबीचा पुरवठा क्षणभर तोडून बघतो की पकडणारी डबी प्रतिसाद देते का. वायर जोडलेली असेल तर ही चाचणी नापास होते आणि गेट हलतच नाही. मग हेच ‘जाणकार’ सेटिंगमध्ये जाऊन चाचणीही बंद करतात. गेटच्या कडेला रबरी सेफ्टी एज (दाब ओळखणारी पट्टी) असेल तर तिच्या टोकाला बहुतेक वेळा ८.२ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. तिथे सरळ वायर जोडली की एज दाबली गेली आहे असं बोर्ड समजतो आणि गेट अडवतो. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम असं ठेवलंय, कारण डायरेक्ट करणारे लोक त्यांना ठाऊक आहेत.

आणि खरी दुरुस्ती? बहुतेक वेळा पंधरा मिनिटांचं काम. आधी दोन्ही काचा सुक्या मऊ कापडाने पुसा, पेठेतल्या धुळीचा थर किरण अडवायला पुरतो. मग डब्या समोरासमोर आहेत का बघा. गल्लीत वळणाऱ्या दुचाकीचं हँडल लागून डबी फिरणं हे नेहमीचं कारण आहे, म्हणून डबी उघडी न ठेवता तिच्याभोवती लोखंडी पट्टीचं कडं बसवा. बिघाड रोज ठरावीक वेळीच, सकाळी किंवा संध्याकाळी येत असेल तर तिरपं ऊन पकडणाऱ्या डबीत शिरतंय. दोन्ही डब्यांच्या जागा अदलाबदल करा. तरीही नाही, तर मल्टिमीटर घ्या. दोन्ही डब्यांच्या टर्मिनलांवर साधारण २४ व्होल्ट यायला हवेत. बोर्डाजवळ २४ आणि पलीकडच्या डबीत १७-१८ दिसले तर जमिनीखालच्या वायरीचा जोड पाण्याने गंजलाय. व्होल्ट बरोबर असतील तर किरणापुढे हात धरा आणि काढा. रिलेची टिक ऐकू आली पाहिजे आणि मीटरवर संपर्क जुळताना-तुटताना दिसला पाहिजे. टिक येते पण संपर्क बदलत नाही, म्हणजे रिले गेला आणि डब्यांची जोडी बदलायची. डबी उघडल्यावर मुंग्यांची माती किंवा पालीची अंडी सापडणं पुण्यात काही नवं नाही. साफ करा आणि वायरीचं भोक सिलिकॉनने बंद करा.

एक मान्य करतो. फोटोसेल सगळं बघत नाही, फक्त आपली एक रेषा बघतो. डबी साधारण ५० सेंटीमीटर उंचीवर असते. रांगणारं मूल किंवा मांजर खालून जाऊ शकतं, सायकलच्या सांगाड्यातून किरण आरपार जाऊ शकतो. ‘सेन्सर असूनही गेट लागलं’ अशा तक्रारी त्यामुळे खोट्या नसतात. पण त्यावर उपाय म्हणजे आणखी एक जोडी आणि सेफ्टी एज, आहे तो सेन्सर मारणं नव्हे.

तुमच्या गेटवर हा उद्योग झालाय का, हे आजच बघा. गेट बंद होत असताना बाजूला उभं राहून, अंग मधे न घालता, लांब छत्री किरणातून फिरवा. गेट थांबून उलटं फिरलं नाही तर मोटरचा क्लच सोडा, म्हणजे चावीने मोटर गेटपासून मोकळी करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत गेट हाताने चालवा.

‘पॉवर फुल करा’

गेट अडतंय याचा अर्थ मोटरला जोर कमी पडतोय असा नसतो. आधी चावीने क्लच सोडा आणि गेट हाताने ढकला. एका माणसाने एका हाताने ढकलल्यावर ते टोकापासून टोकापर्यंत सरकलं पाहिजे. दोन्ही हात लावून, पाय रोवून ढकलावं लागत असेल तर दोष गेटमध्ये आहे. तिथे पॉवर वाढवली की आजचा दोष उद्या गिअरवर निघतो.

पेठांत हे का होतं? रस्त्यांवर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले, कित्येक इमारतींची जोती रस्त्याच्या पातळीखाली गेली. पावसात गल्लीतलं पाणी, माती, खडी सगळं गेटच्या चॅनेलमध्ये येऊन बसतं. चाकाचं बेअरिंग गंजतं, चाक फिरायचं सोडून घासतं आणि झिजून एका बाजूने सपाट होतं. चॅनेल खरवडून साफ करा, त्याच्या सगळ्यात खोल जागी पाणी निघायला वाट काढा, चाकं बेअरिंगसकट जोडीने बदला. एकच बदललं तर गेट तिरकं चालतं. झडपांचं गेट असेल तर खांब तपासा. जुन्या चुन्या-विटांच्या भिंतीत ठोकलेला फास्टनर मोटरच्या रोजच्या झटक्याने ढिला पडतो, झडप खाली येते आणि जमिनीला घासते. अशा भिंतीवर मोटर टांगूच नये. भिंतीला लागून लोखंडी खांब स्वतःच्या काँक्रीटच्या पायात उभा करा आणि त्यावर बिजागरी आणि मोटर घ्या.

फुल पॉवरचा दुसरा धोका कोणी बोलत नाही. लिमिट स्विचचा मॅग्नेट सरकला किंवा पडला तर गेट थांबायच्या जागी थांबत नाही. शेवटी लोखंडी स्टॉपर नसेल तर ते वरच्या गाइड रोलरमधून बाहेर पडतं आणि ३००-४०० किलोंचं धूड आडवं होतं. रॅकच्या बाहेर, गेटच्या दोन्ही टोकांना जमिनीत पक्का स्टॉपर हवाच. पॉवर नेमकी किती ठेवायची, याची ढोबळ चाचणी अशी: बंद होणाऱ्या गेटपुढे पुठ्ठ्याचा रिकामा खोका धरून ठेवलेल्या लाकडी ठोकळ्याला टेकवा. खोका चिरडायच्या आत गेट उलटं फिरलं पाहिजे. पक्कं माप फोर्स गेजनेच घ्यायचं.

‘मोठा कपॅसिटर टाका’

यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळेच लोकांचा बाकीच्यावर विश्वास बसतो. २३० व्होल्टच्या मोटरीत कपॅसिटर कमजोर होणं हा खरोखर वारंवार येणारा बिघाड आहे. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, किंवा थोडं ढकललं की चालू लागते, ही त्याची लक्षणं. मीटरवर मोजा. लिहिलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त घसरला असेल तर बदला. पण किंमत तीच ठेवा. १२.५ मायक्रोफॅरडच्या जागी २० टाकला की दुसऱ्या वाइंडिंगमधून नको तेवढा करंट जातो, मोटर तापते आणि आतला थर्मल स्विच तिला बंद करतो. अर्ध्या तासाने ती पुन्हा चालते, म्हणून लोकांना वाटतं ‘अधूनमधून’ बिघाड आहे. काही महिन्यांत वाइंडिंग जळतं. व्होल्टेज ४०० किंवा ४५० एसीचंच घ्या. आणि हात लावण्याआधी मेन बंद करून साध्या टेस्ट लॅम्पने कपॅसिटर रिकामा करा.

‘रॅकला भरपूर ग्रीस’

नको. उघड्या ग्रीसवर रस्त्याची धूळ चिकटते आणि दात झिजवणारा लगदा तयार होतो. रॅक कोरड्या ब्रशने साफ करा. रॅक आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांत १ ते २ मिलिमीटर मोकळीक ठेवा, गेटचं वजन पिनियनवर कधीच यायला नको. चाकं झिजून गेट खाली आलं की ही मोकळीक संपते, आणि तेव्हा जो कर्कश आवाज येतो त्यावर लोक ग्रीस थापतात.

‘फ्यूजच्या जागी तार’

फ्यूज पुन्हापुन्हा उडतोय म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट आहे: पाणी शिरलेली वायर, जळालेलं वाइंडिंग, विजेच्या झटक्याने काळा पडलेला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग) किंवा बोर्डवर मेलेली पाल. तार घातली की फ्यूजऐवजी बोर्डाचे ट्रॅक आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि हे सगळं पावसात भिजणाऱ्या, येणारा-जाणारा प्रत्येकजण हात लावतो अशा लोखंडी गेटवर. मोटरला आणि गेटच्या लोखंडाला अर्थिंग हवं, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा.

‘चावी चेअरमनकडे’

चोर येतील म्हणून चावी लपवायची, असं मेसेज सांगतो. महावितरणचा पुरवठा गेलाय, तिसऱ्या मजल्यावर कोणाला छातीत दुखतंय, आणि चेअरमन गावाला गेलेत. मग गेट कोण उघडणार? विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या बंद असतात, त्या दिवशी बोलावूनही मेकॅनिक येऊ शकत नाही. आगीच्या बंबाला पेठेत शिरतानाच कसरत करावी लागते, त्यात शेवटचा अडथळा आपल्या गेटचा नको. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारख्या अवजड दारालाही माणसांसाठी वेगळा दिंडी दरवाजा आहे. तुमच्या गेटलाही तो हवा: मोटरशी संबंध नसलेलं, आतून हाताने उघडणारं छोटं दार.

क्लचच्या चाव्या निदान तीन हव्यात. एक वॉचमनच्या खोलीत खिळ्याला, एक तळमजल्यावर जिथे दिवसभर माणूस असतं त्या घरी, एक सेक्रेटरीकडे. मोटरच्या अंगावरचं झाकण उघडायचं, चावी फिरवायची, गेट ढकलायचं, हे वॉचमनसकट पाच-सहा जणांकडून अंधारात, टॉर्च धरून करून घ्या. गेट उताराला असेल तर क्लच सुटताच ते आपोआप चालू लागतं, तिथे एकाने आधीच गेट धरून उभं राहायचं.