अंगठ्याचं खोगीर

मे महिन्यात मालवणात ज्या बाईचा अंगठा दुखायला लागतो तिने खरं तर सरळ माहेरी निघून जावं, पण माझं माहेर वेंगुर्ल्याचं, तिथे पण रातांबेच, म्हणजे कोकमाची फळं. रातांबा फोडायचा, अंगठा आत घालून गर आणि बिया ओढून काढायच्या, सालं बाजूला, मग मिठाच्या रसात बुडवून उन्हात, परत रसात, परत उन्हात. सोलकढी पिताना कुणालाही त्या अंगठ्याची आठवण येत नाही. मलाही एकावन्न वर्षं आली नव्हती.

दुखणं म्हणजे कसं, तर मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बुडाशी, आत कोणीतरी बारीक खडा ठेवल्यासारखं. लोणच्याची बरणी उघडायला गेले की जीव जातो, कुलपात किल्ली फिरवली तरी तेच, आणि आडाळ्यावर नारळ खवायला बसले की मी अशा काही शिव्या पुटपुटायचे की खोबरं नासायला हवं होतं. नवऱ्याने निदान केलं, "मोबाइल जास्त बघतेस." हा माणूस स्वतः रात्री साडेअकराला क्रिकेटचे जुने व्हिडिओ बघतो, पण त्याचे अंगठे ठणठणीत.

मग मी पण मोबाइलवरच शोधलं (दुसरीकडे कुठे शोधणार). तिथे एक टेस्ट होती, अंगठा मुठीत घ्यायचा आणि मूठ करंगळीकडे वाकवायची, कळ आली तर अंगठ्याच्या शिरेला सूज आहे म्हणायचं. मी वाकवली, इतक्या जोरात वाकवली की धडधाकट माणसालाही कळ आली असती, आणि मेडिकलमध्ये जाऊन मनगटाचा पट्टा घेऊन आले. निळा, चिकटपट्टीवाला, अंगठा घालायला नुसतं एक भोक. आठवडाभर मिरवला. मनगट एकदम सुखात, अंगठा आधीपेक्षा वाईट, कारण ज्या सांध्याला धरायचं तोच मोकळा आणि जे मनगट काही बोललंच नव्हतं त्याला मी बांधून ठेवलं होतं.

शेवटी हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. एक्सरे बघून ते म्हणाले, ताई, शीर ठीक आहे, बुडाचा सांधा झिजलाय. आणि कागदावर घोड्याचं खोगीर काढलं. अंगठ्याचा सांधा म्हणे खोगिरावर खोगीर पालथं घातल्यासारखा असतो, म्हणून तो पुढे-मागे आणि आडवा-उभा दोन्हीकडे फिरतो, आणि म्हणूनच झिजतो. पाळी जायच्या वयात बायकांना जास्त होतं. वर त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसलीय ती बसलीच, टोकाशी एक किलोचा चिमटा घेतला तर बुडाशी बारा किलोच्या आसपास जोर येतो. म्हणजे मी दोन पाट्या रातांबे फोडले की अंगठ्याच्या हिशेबात चोवीस पाट्या झाल्या. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं, कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

झिजलेलं काही भरून येत नाही, पण काम करताना सांध्याला आधार मिळाला तर दुखणं कमी होतं असं डॉक्टर म्हणाले, आणि आधार अंगठ्याच्या बुडाला हवा, टोक मोकळं राहिलं तरी चालेल. झालं, मी ऑनलाइन गेले. पाण्यात पोहणाऱ्यांचे काळे सूट असतात ना, त्या निओप्रीनचं एक मोज्यासारखं प्रकरण मिळालं, मऊ, ऊबदार, फोटोतल्या बाईचा हात तर एकदम लोण्याचा. साइझ विचारली तर मी एम टाकली, कारण माझा कुर्ता एम. मनगटाचा घेर टेपने मोजायचा असतो हे खाली लिहिलं होतं, खाली कोण वाचतं. पहिला आला तो इतका घट्ट की बोटांना मुंग्या, तो परत पाठवला, दुसरा आला तो नेमका डाव्या हाताचा, तोही पाठवला, तिसरा बसला.

बसला आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस बरं वाटलं. पण ऊबदार ही थंडीच्या गावातली चैन आहे. इथे मेमध्ये न्हाणीतून बाहेर येईपर्यंत परत घाम आलेला असतो, आणि त्यात हे रबर हाताला चिकटलेलं. आत शिजलेल्या अळूसारखी कातडी. त्यात मी तो घालूनच बांगडे साफ केले. दोनदा धुतला, उन्हात टाकला, वास काही जाईना, पावसाळी हवेत तर तो वाळेचना, आणि एक दिवस दोरीवरून गायब. शेजारच्या बोक्याने माडाच्या बुंध्याशी नेऊन त्याचा पार काथ्या करून ठेवला होता. साडेसहाशे रुपये.

मग कणकवली. एसटीने हिंदकळत गेले. तिथल्या थेरपिस्ट मुलीने प्लास्टिकची एक कडक पट्टी गरम पाण्यात टाकली, ती पापडासारखी मऊ झाली, ती माझ्या हाताभोवती गुंडाळली आणि म्हणाली, काकी, ग्लास धरल्यासारखा हात ठेवा. चार-पाच मिनिटांत ती तशीच कडक. बुडाचा सांधा एकदम गप्प, मनगट मोकळं, टोकाने चिमूटभर मीठ पण घेता येतं, धुतलं की झालं. फक्त तेव्हापासून मी चोवीस तास हातात न दिसणारा पेला धरून फिरत होते. बाजारात मासेवाली म्हणाली, "काय वैनी, आज सकाळीच?"

पण दुखणं कमी झालं हो. आडाळ्यावर अर्धा नारळ न रडता खवला. हेच आधी घेतलं असतं तर असं म्हणून मी तीन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं.

चौथ्या दिवशी आंघोळीला जाताना तो प्लास्टिकचा पट्टा काढून न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवला, परत आले तर कट्ट्यावर एक सपाट, जरा वाकडा घावणा पडलेला. सासूबाई बाजूला उभ्या. "वास येत होतो गो, म्हणान वायच भाणातल्या कडकडीत पाण्यात बुडवलंय."

परत कणकवली. ह्या वेळी त्या पण बरोबर, कारण अपराधी वाटत होतं असं त्या म्हणत नव्हत्या पण खिडकीची सीट मला दिली. मुलीने हसत हसत तोच घावणा परत पाण्यात टाकून माझ्या हातावर बसवला, आणि सहज विचारलं, आजी, तुमचा हात बघू? सासूबाईंनी हात पुढे केला. अंगठ्याचं बूड चौकोनी झालेलं, हाड वर आलेलं, अंगठा आत वळलेला. इतकी वर्षं त्या हाताने मला घावणे वाढले आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

"दुखता?"

"दुखता तर. तीस वर्सां झाली."

मी म्हटलं, "सांगितलं का नाही कधी?"

"सांगान काय करतलंस? रातांबे काय आपसून फुटतले?"

मुलगी दुसरी पट्टी गरम पाण्यात सोडून त्यांना सांगायला लागली, आजी, ग्लास धरल्यासारखा हात ठेवा. सासूबाईंनी हात मागे घेतला.

"माका पेलो नको हां. चायचो कप धरल्यासारखो कर."