हाडांची चुगली

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज किती पावलं चाललात ते टाकायची टूम निघाली आणि माझी डावी नडगी कामातून गेली. तलावपाळीला फेऱ्या मारत बारा हजारांवर पोचलो आणि पाय टेकवेना. एक्स-रे स्वच्छ. एमआरआयच्या नळीत मी शिरणार नाही, हे मी डॉक्टरांना आधीच सांगून टाकलं. लिफ्ट जरा अडकली तरी मला घाम फुटतो. मग त्यांनी बोन स्कॅन लिहून दिला. "बारीक चीर असेल तर यात सापडेल."

सेंटर घोडबंदर रोडला. फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, उशीर करू नका हं. इंजेक्शनच्या औषधाचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो."

"पगारासारखंच की," ही म्हणाली.

घोडबंदर रोडला वेळेवर पोचायचं तर आदल्या रात्रीच निघायला हवं. आम्ही साडेनवासाठी सव्वासातला रिक्षात बसलो, तेही मी उपाशी. तपासणीला उपाशी जायचं, एवढं वैद्यक मला येतं. तिथे कळलं की या स्कॅनला नाश्ता चालतो. हिने शांतपणे पिशवीतून थालीपिठाचा डबा काढला.

"तुला माहीत होतं?"

"कागदावर लिहिलंय. तुम्ही वाचलात कुठे?"

मग फॉर्म. आधी काही ऑपरेशन? नाही. गेल्या काही महिन्यांत पडलात, मार लागला? मी शेजारी पाहिलं. ही फॉर्ममध्ये डोकं घालून बसली होती. मी ठामपणे 'नाही'वर खूण केली.

औषधाचं नाव टेक्नेशियम. हे मूलद्रव्य 1937 मध्ये माणसाने तयार केलं, आणि 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं बारसं झालं. टेक्निशियन पोराने ही माहिती पुरवताच हिने विचारलं, "म्हणजे डुप्लिकेट माल?" तो हसला. म्हणाला, जिथे हाडाची डागडुजी चालू असते तिथे हे जास्त जमतं आणि फोटोत ती जागा चमकते. सिरिंज मात्र जाडजूड धातूच्या कवचात ठेवून, सोन्याची बिस्किटं आणावीत तशी आणली. टोचलं ते नेहमीच्या इंजेक्शनइतकंच.

खरी परीक्षा पुढे. तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि वरचेवर बाथरूमला जायचं, म्हणजे हाडांनी न घेतलेलं औषध निघून जातं. बाथरूमही वेगळं, इंजेक्शन झालेल्यांचं. बसून करा, दोनदा फ्लश करा, अशी दारावर पाटी. आमची वेटिंग रूमही वेगळी, नातेवाईकांना आत मज्जाव. पहिल्या दोन बाटल्या मी विनोद करत प्यायलो. मग शेजारच्या बाईंशी बोलणं निघालं. डोक्याला स्कार्फ, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार, आणि आजार हाडांत उतरलाय का ते बघायला त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. "तुम्हाला काय झालंय?" त्यांनी विचारलं. पावलं मोजण्याच्या नादात नडगी दुखावली, हे सांगताना जीभ जड झाली. त्या मात्र खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "प्या हो पाणी, अजून दीड तास आहे."

स्कॅनच्या आधी पुन्हा एकदा बाथरूम. मूत्राशय भरलेलं असलं तर तेच दिव्यासारखं चमकतं आणि कंबरेची हाडं झाकून टाकतं. मग खिशातली नाणी, बेल्ट, किल्ल्या काढून अरुंद फळीवर आडवा झालो. हात पट्ट्यात, पायाचे अंगठे चिकटपट्टीने एकमेकांना जोडलेले. असे अंगठे कोणाचे बांधतात, हा विचार मी कटाक्षाने टाळला. वरून एक चौकोनी ताट उतरत उतरत नाकाला टेकणार इतकं जवळ येऊन थांबलं.

"काका, घाबरू नका, मशीन काहीही सोडत नाही. किरण तुमच्याच अंगातून निघतायत, ते फक्त टिपून घेतं."

एकसष्ट वर्षांत माझ्या अंगातून काही तेज निघतंय असं पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. त्याच क्षणी नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. ताट मुंगीच्या पावलांनी सरकत होतं, आवाज नाही की काही नाही. मान जराशी कलती करून पडद्याकडे पाहिलं तर ठिपक्याठिपक्यांनी माझा सांगाडा उमटत होता, रांगोळीसारखा. अर्ध्या तासाने पोरगा म्हणाला, "छातीचा एक जास्तीचा घेतो हं, डाव्या बाजूने."

पोटात गोळा आला. कारण जुलैत, मॉर्निंग वॉकच्या नावाखाली वडापावच्या गाडीकडे रस्ता ओलांडताना मी घसरून दुभाजकावर आपटलो होतो. तळलेलं बंद, अशी शपथ हिच्यासमोर घेऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. घरी सांगितलं, छातीत गॅस धरलाय. हिने तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ओवा आणि सैंधव दिलं. शिंक आली की ब्रह्मांड आठवायचं, पण मी ओवा चावत राहिलो.

त्या दिवशी नातवाला मांडीवर घ्यायचं नव्हतं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यापासून तेवढा दिवस जरा लांब राहा, असं सांगितलं होतं. तो दारातूनच विचारत राहिला, "आजोबा, तुम्ही अंधारात चमकता?" दिवे घालवून खात्रीही करून घेतली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. नडगीला बारीक चीर, सहा आठवडे चालणं बंद. डॉक्टरांनी पान उलटलं.

"डावीकडच्या दोन बरगड्याही चमकतायत. भरत आलेलं फ्रॅक्चर. दोन-तीन महिन्यांत कुठे पडला होतात?"

मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या मणक्याकडे टक लावून पाहू लागलो.

"डॉक्टर," ही म्हणाली, "ओव्याने बरगडी सांधते का हो?"