पू म्हणजे खराब रक्त नव्हे
फोड आणि पू यांवरचा तुमचा लेख छान, पण त्यातलं ‘पू म्हणजे खराब झालेलं रक्त’ हे वाक्य खटकलं. नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रोज सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघतो, म्हणून सांगावंसं वाटलं. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), सोबत जिवाणू आणि पेशींचा चुरा. बोटात काटा रुतला की तिथल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पहारेकरी) पेशी जिवाणूंच्या भिंतीवरचे ठरावीक रेणू ओळखतात आणि रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली, सूज. काही तासांत न्यूट्रोफिल येऊन जिवाणू गिळायला लागतात. स्लाइडवर त्यांचं तीन-चार कप्प्यांचं जांभळं केंद्रक दिसतं, आणि कधी कधी पोटात दाटीनं बसलेले गोल जिवाणूसुद्धा! रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्हनं १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीला गुलाबाचा काटा टोचून पेशींची हीच धावाधाव पाहिली. १९०८ चं नोबेल त्याला जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखसोबत मिळालं.

अश्रूंतलं लायसोझाइम हे एन्झाइम मात्र लेखात सुटलंच. ते जिवाणूंची भिंत कापतं. नागपुरात मे महिन्यात डोळ्यांत इतकी धूळ जाते, तरी डोळे दरवेळी येत नाहीत, त्यात याचाही वाटा आहे.

आणि फोड दाबून पू काढायचा घरगुती उपाय लेखातून काढून टाका बुवा. जिवाणू आत ढकलले जातात. मधुमेह असेल तर धोका आणखी, कारण साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत.